नाथांची वाट, आषाढ सोडून

पंढरीच्या वाटेची तयारी म्हटलं की बहुतेकांच्या मनात आळंदी नाहीतर देहू. तिथे तयारी दिंडीवाले करतात. आपण भिशी भरायची, ट्रकमध्ये वळकटी टाकायची आणि टाळांच्या मागे चालू लागायचं. मला आणि आत्याला पैठणहून जायचं होतं, तेही पालखी नसताना. आत्या संत एकनाथांच्या पालखीबरोबर वर्षानुवर्षं चाललेली, तिला गावं पाठ. मला नकाशा वाचता येतो. या वाटेवर पालखीशिवाय फारसं कोणी चालत नाही, त्यामुळे विचारायला आम्ही एकमेकींनाच होतो.

पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठण सोडते आणि अठरा-एकोणीस दिवसांनी पंढरपुरात पोचते. अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. हजारो माणसं, रथ, रिंगणं हे सगळं सांभाळायचं म्हणून मुक्काम जवळजवळचे. दोघीच असलो तर मधला एखादा मुक्काम गाळता येतो. आम्ही उत्पत्ती एकादशी पैठणला आणि मोक्षदा एकादशी पंढरपूरला धरायचं ठरवलं, म्हणजे कार्तिक वद्य ते मार्गशीर्ष शुद्ध. ऊन सोसवतं, चिखल नाही, अंगावर पाऊस नाही.

बाकीची तयारी फोनवर. आषाढात या वाटेवर पावलापावलाला चहा, पाणी, भाकरी असते. मार्गशीर्षात तसं काही नसतं, हे मनात पक्कं करूनच बसलो. प्रत्येक मुक्कामाच्या गावातलं एक माणूस शोधायचं: देवळाचे पुजारी, भजनी मंडळाचे विणेकरी, नाहीतर ज्यांच्या ओसरीवर आत्याची दिंडी उतरते ते घर. फोन उचलल्यावर 'रामकृष्ण हरी' म्हटलं की पुढचं अर्धं बोलणं वाचतं. पुरुष माणूस एका दमात 'सगळी सोय आहे, या' म्हणतो. मी फोन घरातल्या बाईकडे द्यायला सांगायचे. दाराला आतून कडी आहे का, पाणी कुठून आणायचं, संडास किती लांब, या तीन गोष्टींची उत्तरं तिच्याकडे असतात.

पाठीवर पाच-सहा किलोच ओझं. दोन जोड कपडे, घोंगडी, मोज्यांचे जादा जोड, ओआरएसची पाकिटं, टॉर्च, आधार कार्डाच्या झेरॉक्स, कुत्र्यांसाठी काठी आणि आत्याचा सुई-दोरा. पाणी प्रत्येकी तीन लिटर, ते वेगळं. रेडियमची पट्टी मी दोन्ही पिशव्यांवर शिवून घेतली. आत्याला ती आवडली नाही, ट्रॅक्टरला लावतात म्हणाली.

कार्तिक वद्य एकादशी, पैठण

आधी गावातल्या नाथमंदिरात. हा नाथांचा राहता वाडा. देवाने श्रीखंड्या होऊन भरला तो रांजण इथेच दाखवतात. मग गोदाकाठी समाधीला. नाथांनी 1599 साली फाल्गुन वद्य षष्ठीला इथे देह ठेवला, म्हणून नाथषष्ठीला पैठणात पाय ठेवायला जागा नसते. एकादशी असूनही आज गर्दी बेताची होती. आत्याने समाधीवर डोकं ठेवलं आणि 'नेऊन घाला' एवढंच म्हणाली.

संध्याकाळी वहीत गावं पुन्हा लिहून काढली. आत्याच्या यादीत 'राक्षसभुवन' आहे. नकाशात हे नाव टाकलं की गेवराई तालुक्यातलं, गोदाकाठचं राक्षसभुवन पुढे येतं. शनीचं प्रसिद्ध देऊळ तिथे आहे, आणि 10 ऑगस्ट 1763 ला थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाला हरवलं तेही तिथेच. पालखीचं राक्षसभुवन ते नव्हे. ते शिरूर कासार तालुक्यातलं, त्याला तांबा राक्षसभुवन म्हणतात. नुसत्या नावावर विसंबून निघालेला माणूस भलत्याच तालुक्यात जाऊन बसेल. म्हणून वहीत प्रत्येक गावापुढे तालुका लिहिला.

वद्य द्वादशी आणि त्रयोदशी

पहाटे गोदावरीचा पूल ओलांडला. चंद्राची बारीक कोर वर आली होती, पण उजेड टॉर्चचाच. चनकवाडीला उजाडलं. पालखीचा पहिला मुक्काम इथेच पडतो. आम्ही चहा घेऊन पुढे निघालो.

हा सगळा काळ्या रानाचा पट्टा. नाथसागराच्या, म्हणजे पैठणच्या धरणाच्या, आसऱ्याने ऊस, मग तूर, मग शेवटच्या वेचणीला आलेला कापूस. वेचणाऱ्या बायका बांधावर आल्या.

"कुठून आलाव माय?"

"पैठणहून. पंढरपूरला चाललोय."

"आन् पालखी?"

"पालखी आषाढात. आम्ही दोघीच."

"मंग आताच कशाला निघालाव?"

आत्याने सांगितलं की आषाढात गुडघे आणि गर्दी दोन्ही जमत नाही. बायकांना पटलं. त्यांनी पाण्याची कळशी पुढे केली, आणि त्यातली सगळ्यांत म्हातारी आमच्याबरोबर पुढच्या बांधापर्यंत उगाच चालत आली.

लाडजळगावला देवळात उतरलो. पायाला पहिला फोड आला तो इथे. आत्याने सुईत दोरा ओवला, खोबरेल लावलं, सुई फोडातून आरपार काढली आणि दोऱ्याची दोन्ही टोकं बाहेर ठेवली. पाणी दोऱ्यावाटे झिरपून जातं आणि कातडी निघत नाही. वारीत हेच करतात. डॉक्टर लोक याला नाकं मुरडतात. दोरा आत ठेवायचाच तर सुई आधी उकळून घ्या, एवढं माझं म्हणणं.

वद्य चतुर्दशी, अमावस्या

कुंडल पारगाव, मग मुंगूसवाडे. रस्त्याबद्दल इथेच सांगते. पैठण-पंढरपूर पालखी मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग झाला आहे. बराचसा सिमेंटचा, रुंद, गाड्यांसाठी उत्तम. पायांसाठी वाईट. डांबर थोडं तरी दबतं, सिमेंट प्रत्येक पाऊल गुडघ्यात परत पाठवतं, आणि दहानंतर खालून तापतं. रुंदीकरणात कडेची जुनी झाडं गेली, नव्या रोपांची सावली अजून पडत नाही. आम्ही जमेल तिथे मुरमाच्या साइडपट्टीवरून, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या अंगाने चाललो. जिथे जुनी गाडीवाट शिल्लक होती तिथे ती धरली. ती लांब पडते, पण तिच्यावर बाभळी आहेत.

पाच ते दहा चालणं, मग आडोसा, आणि साडेतीननंतर उरलेलं. अमावस्येला टॉर्चचा उजेड सोडला तर सगळा काळोख. एका वस्तीवर कुत्र्यांनी अडवलं. काठी उगारायची नाही, नुसती जमिनीवर आपटत हळू चालत राहायचं, हे आत्याचं शास्त्र. ते लागू पडलं.

मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदा, द्वितीया: राक्षसभुवन, रायमोह

इथून बालाघाटाचं रान. जमीन उथळ, दगड वर आलेला, ज्वारी गुडघ्याएवढी. आणि गावं ओस. दिवसा अकरा वाजता गल्लीत शिरलो तर दोन्ही बाजूंना कुलपं. एका दाराच्या कडीला कुलूप, आणि त्या कुलपावर दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळून सुतळीने घट्ट बांधलेलं, गंजू नये म्हणून. म्हणजे चार-पाच महिने उघडायचं नाही या बेताने लावलेलं. खाली उंबऱ्याशी तुळशीची कुंडी, शेजारणीच्या भरवशावर सोडलेली.

ऊसतोड. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या तोडीला जातात, आणि शिरूर, पाटोदा हे त्यातले मोठे तालुके. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत तोडायचं. आषाढात हीच माणसं घरी असतात, म्हणून पालखीला इथे भाकरी कमी पडत नाही. या वाटेने आडदिवसात येणाऱ्याने हे आधी समजून घ्यावं. नकाशावर गाव दिसतं म्हणजे गावात कोणी असेलच असं नाही. बीड जिल्ह्याच्या टप्प्यात आम्ही कायम एका वेळचं जेवण जवळ बाळगलं: भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ.

रायमोहला ज्या घरी उतरलो तिथे सासू आणि दोन नातवंडं. मुलगा-सून तोडीवर, माढ्याकडच्या कुठल्यातरी कारखान्याला. बाईंनी चुलीवर पिठलं टाकलं आणि आम्हांला काही करू दिलं नाही. मोठी नात शाळेतल्या हंगामी वसतिगृहात जेवते. आई-बाप तोडीला गेले की मुलांनी शाळा सोडून मागे जाऊ नये म्हणून ती सोय असते. धाकटा आजीपाशीच. तो माझ्या पिशवीवरची रेडियमची पट्टी नखाने खरवडत बसला होता. 'ट्रॅक्टरची हाय' म्हणाला. आत्याने माझ्याकडे बघितलं.

या भागातच हाटकरवाडीचा डोंगर. पालखी इथून जाते तेव्हा आजूबाजूची गावं लोटतात. आम्ही चढलो तेव्हा वर दोन गुराखी आणि वारा. चढ तसा फार नाही, पण आठवडाभराच्या चालीनंतर पोटऱ्या बोलतात. मध्ये तीनदा बसलो. वरून मागे बघितलं तर आलेलं रान भुरं नि सपाट, एखादं हिरवं चौकोनी विहिरीपुरतं.

तृतीया: पाटोदा

बाजाराचं गाव. औषधं, बॅटरी चार्जिंग, कपडे धुणं. मांजरा नदी याच तालुक्यात गवळवाडीजवळ उगम पावते. पुढे लातूरकडे जाणारी ती मोठी मांजरा इथे कुठेतरी ओढ्याएवढी असणार, पण वाट वाकडी करून बघायला पाय तयार नव्हते. आत्याने पुरणपोळी शोधली. मिळाली नाही. मिसळ खाल्ली.

चतुर्थी: दिघोळ, खर्डा

दिघोळ सोडल्यावर बऱ्याच लांबून खर्ड्याचा झेंडा दिसायला लागतो. किल्ल्यापाशी 2021 साली 74 मीटर उंचीचा भगवा ध्वज उभारला आहे. चालणाऱ्याला अशा उंच खुणेचा छळ होतो. दिसत राहते आणि जवळ येत नाही.

खर्डा हे निंबाळकरांचं ठाणं. भुईकोट लहानसा पण तट खणखणीत. 11 मार्च 1795 ला मराठे आणि निजाम यांची लढाई याच माळावर झाली. एका झेंड्याखाली सगळे मराठा सरदार जमले ते शेवटचं. पण खर्ड्यात मला जास्त आवडली ती भजनाची रात्र. मुक्कामाच्या देवळात साताठ माणसं, एक पेटी, पखवाजाची शाई उडालेली. आत्याला त्यांनी आग्रह करून गवळण म्हणायला लावली. ती वरच्या पट्टीत गेली आणि पेटीवाला तिच्यामागे सूर शोधत राहिला.

पंचमी, षष्ठी: अनाळा, परंडा

धाराशिव जिल्हा लागला. दांडेगाव, अनाळा. रान पुन्हा भारी, ज्वारी छातीएवढी. गावांत माणसं दिसू लागली आणि चहाचे पैसे कोणी घेईना. अनाळ्याच्या अलीकडे एका शेतात तूर कापणी चालली होती, तिथे जेवलो.

षष्ठी म्हणजे चंपाषष्ठी. खंडोबाचं षड्रात्र संपतं, आणि चातुर्मासात सोडलेलं वांगं आज पुन्हा ताटात येतं. परंड्याच्या वाटेवर प्रत्येक वस्तीतून वांगी भाजल्याचा वास. एका घराने अक्षरशः हात धरून आत नेलं. भरीत, बाजरीचा रोडगा, कांद्याची पात. भंडारा कपाळभर लावला. विठोबाच्या वाटेवर खंडोबाचं जेवण, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

परंड्याला घाई करू नका. आम्ही सप्तमीची सकाळ इथेच काढली. बहमनी काळातला भुईकोट, दुहेरी तट, भोवती खंदक. 1600 साली अहमदनगर मोगलांकडे गेल्यावर निजामशाहीचा कारभार काही काळ इथून चालला. विजापूरची ती अजस्र मलिक-ए-मैदान तोफ मूळची इथली, 1632 साली ओढत नेली. आजही बुरुजांवर तोफा आहेत, एकीच्या अंगावरची नक्षी बोट फिरवून बघण्यासारखी. आत पायऱ्यांची विहीर आहे. आत्या पायरीवर बसून राहिली. तिला किल्ल्यांत रस नाही, गारव्यात होता.

सप्तमी, अष्टमी: बिटरगाव, कुर्डू

दुपारनंतर निघून सीना ओलांडली. मुक्काम बिटरगाव. दुसऱ्या दिवशी कुर्डू. याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. ट्रक, ऊसाच्या बैलगाड्या, धूळ.

तब्येत बिघडलीच तर वाट सोडायची सोय कुठे, हे आधी ठरवून ठेवलं होतं, आणि त्यात कुर्डुवाडी पहिली होती. इथून पंढरपूरला रेल्वे आहे. बार्शी लाइटची अडीच फुटी गाडी इथून 1897 साली बार्शीला सुटली आणि 1906 साली पंढरपूरला पोचली. कित्येक वर्षं वारकरी त्या गाडीच्या टपावर बसून गेले. आता रूळ रुंद आहेत. स्टेशन जवळ आलं तशी आत्या चालायचा वेग वाढवत गेली, मी गाडीचं नाव काढू नये म्हणून.

नवमी: अरण

सावता माळ्यांचं गाव. 1295 साली इथे त्यांनी समाधी घेतली. सावतोबा पंढरीला कधी गेले नाहीत. मळा सोडून जायचं नाही, तिथेच विठ्ठल, ही त्यांची भूमिका. आणि आजही दरवर्षी पंढरपुरातून पांडुरंगाची पालखी अरणला येते. समाधीपाशी बसलेल्या गुरवांनी आत्याला विचारलं, "काय माउली, तुम्ही का चालताय मग?" आत्या म्हणाली, "आम्हांला मळा नाही."

गाव सोलापूर महामार्गालगत आहे. महामार्ग ओलांडताना मात्र दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले.

दशमी: करकंब

इथे सगळीकडे ऊस. करकंबच्या अलीकडे फडात तोड चालू होती आणि कडेला कोप्या: बांबू वाकवून वर पाचट, त्यावर काळं प्लास्टिक, दाराशी तीन दगडांची चूल. एक बाई वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधत होती. बोलीवरून ओळखलं, विचारलं, पाटोदा तालुका. रायमोहचं नाव काढल्यावर तिने पेंढी खाली ठेवली. पाऊस किती होता, ज्वारी कशी आहे, विहिरींना पाणी आहे का, एकामागून एक. आम्ही तिच्या गावाकडून चालत आलो होतो आणि तिला सगळं सांगू शकत होतो. तोड कधी संपेल म्हणून मी विचारलं. ऊस लई हाय, शिमगा इथंच व्हणार, म्हणाली. पहाटे चारला तोडीला उभं राहायचं होतं, तरी चहा केल्याशिवाय तिने सोडलं नाही.

एकादशी: पंढरपूर

उपास. राजगिऱ्याचे लाडू आणि भाजलेले शेंगदाणे आदल्या रात्रीच बांधून ठेवले होते. उपासाच्या दिवशी वीस किलोमीटर चालायचं तर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी दर तासाला, तहान नसली तरी. नऊच्या सुमाराला दर शुद्ध एकादशीला येणारे महिन्याचे वारकरी रस्त्यात भेटू लागले, आणि आम्ही दोघीच असणं तिथे संपलं.

चंद्रभागेत पाय सोडून बसलो, पुंडलिकाला नमस्कार, नामदेव पायरी, मग नगरप्रदक्षिणा. मुखदर्शनाची रांग लवकर सरकते, पण आत्याला पायांवर डोकं ठेवायचं होतं. तेव्हा रांग. रांगेत तिचे गुडघे सुजले, चालताना सुजले नव्हते तेवढे. भानुदासांची समाधी मंदिरातच आहे. नाथांचे पणजोबा. विजयनगरला नेलेली विठ्ठलाची मूर्ती त्यांनी परत आणली असं परंपरा सांगते. पैठणच्या घराण्याचा या देवळावर एवढा जुना हक्क असल्याचा आत्याला फार अभिमान आहे.

द्वादशीला पारणं सोडून भक्तनिवासात पडलो. मुक्काम दिलेल्या प्रत्येक घरी पोचल्याचं कळवायचं, हा आत्याचा नियम. वही उघडून एकेक नंबर लावत गेले. परंडेकरांनी भरीत आवडलं का विचारलं, खर्ड्याच्या पेटीवाल्याने गवळणीचे शब्द लिहून मागितले. रायमोहच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ते असू द्या. तिकडं तोड कवर चालंल म्हणत्यात?"

शिमगा तिकडेच होईल असं म्हणतात, मी सांगितलं.